‘एकदा तरी आई होऊ दे तिला’

पोळा फुटतो, तान्हा पोळा होतो, काळ्या-पिवळ्या मारबतींचे पुतळे गर्दीतून मिरवत जाऊन जळतात आणि नागपुरात भाद्रपद लागतो. घराघरांत गणपतीची तयारी चालू असते. याच दिवसांत गल्लीतल्या कुत्र्यांचा मिलनाचा हंगाम सुरू होतो, आणि मला कुत्र्या-मांजरांच्या नसबंदीबद्दल पुन्हा बोलावं लागतं. एका कुत्रीमागे पाच-सहा कुत्रे रात्रंदिवस फिरत राहतात. कुणाचा कान फाटतो, कुणाच्या पायाला चावा बसतो. ती बिचारी कधी उभ्या गाडीखाली, कधी नालीच्या कडेला, कधी कुणाच्या फाटकाआड दबून बसते. त्या दिवसांत ती धड खात नाही, धड झोपत नाही.

माणसंही या दिवसांत फार वाईट वागतात. जोडलेल्या अवस्थेत उभ्या असलेल्या कुत्र्यांवर पोरं दगड मारतात, मोठी माणसं बादलीभर पाणी ओततात, कुणी काठी घेऊन धावतं. कुत्र्याच्या इंद्रियाच्या मुळाशी एक गाठ असते. मिलनाच्या वेळी ती फुगते आणि ओसरेपर्यंत दोघांनाही सुटता येत नाही. कधी पाच मिनिटं लागतात, कधी अर्धा तासही. त्यांना मारलं की ती भेदरून विरुद्ध दिशांना ओढतात आणि आतून जखमी होतात. ही शरीराची रचना आहे, त्यात बेशरमपणा कुठला? शाळेत जाणाऱ्या पोरांना एवढं जरी कुणी सांगितलं, तरी कितीतरी दगड हातातच राहतील.

गर्भ साधारण ६३ दिवसांचा. भाद्रपदात राहिलेला गर्भ कार्तिकात बाहेर येतो. तोवर आमच्याकडे थंडी पडायला लागलेली असते. बांधकामाच्या रेतीच्या ढिगात, बंद दुकानाच्या पायरीखाली, एखाद्या रिकाम्या प्लॉटमधल्या झुडपात पाच-सहा पिल्लं चूंचूं करत असतात. लोक कौतुकाने बघायला येतात, पोरं दूध-बिस्किट आणतात. मग एक पिल्लू गाडीखाली येतं, दोन जुलाबाने जातात, एखाद्याला कुणी हौसेने उचलून नेतं आणि आठवड्याभराने दुसऱ्याच वस्तीत सोडून देतं. डिसेंबरमधल्या रात्री पारा दहाच्या खाली उतरला की उरलेल्यांची संख्या रोज सकाळी मोजावी लागते.

हे फक्त आमच्याच गल्लीतलं नाही. कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या संशोधकांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या ९५ वेतांमधल्या ३६४ पिल्लांचा माग ठेवला. २०१६ मध्ये त्यांचा अभ्यास छापून आला. प्रजननाच्या वयापर्यंत जगली फक्त १९ टक्के. जी गेली, त्यांतल्या ६३ टक्क्यांच्या जाण्याला माणूस कारणीभूत होता. एका कुत्रीपासून काही वर्षांत हजारो कुत्री तयार होतात, असे आकडे फिरत असतात. ते मी कधी कुणाला सांगत नाही, कारण सगळी पिल्लं जगतात असं धरल्याशिवाय ते येत नाहीत. खरी गोष्ट उलटी आणि जास्त दुःखाची आहे. पिल्लं जन्मतात आणि बहुतेक मरतात, आणि पुढच्या भाद्रपदात तीच आई पुन्हा त्याच नालीच्या कडेला दबून बसते.

नसबंदीबद्दल मी बोलायला लागले ती या पिल्लांमुळे. पण बोलता बोलता लक्षात आलं की रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या ऑपरेशनला सहसा कुणी विरोध करत नाही. ‘घेऊन जा, करून टाका, आमच्या डोक्याचा ताप जाईल,’ असंच म्हणतात. खरा अडथळा येतो तो घरातल्या लाडक्या प्राण्याच्या बाबतीत. तिथे ज्यांचा जीव सगळ्यात जास्त गुंतलेला असतो, तीच माणसं सगळ्यात ठामपणे नाही म्हणतात.

आमच्या शेजारच्या काकूंकडे रूबी नावाची लॅब्रेडॉर आहे. चार वर्षांची, मधासारख्या रंगाची, अतिशय गुणी. काकूंच्या दोन्ही मुली लग्न होऊन पुण्याला गेल्या, काका देवाघरी गेले, आणि आता घरात काकू आणि रूबी. मी ऑपरेशनचा विषय काढला की काकूंचं उत्तर ठरलेलं असायचं. ‘अगं, एकदा तरी आई होऊ दे तिला. बाईच्या जातीची आहे न ती. एक वेत होऊन जाऊ दे, मग तू म्हणशील ते करू.’

या वाक्यात क्रूरपणा नाही, निष्काळजीपणाही नाही. उलट सगळी माया आहे. म्हणूनच ते खोडून काढणं कठीण जातं. नसबंदीबद्दलच्या सगळ्या गैरसमजांमध्ये मला हा सगळ्यात मोठा वाटतो, कारण त्याची किंमत ती मुकी पोर स्वतःच्या शरीराने चुकवते.

काकूंना वाटायचं की रूबी हीटवर, म्हणजे माजावर येते तेव्हा जे रक्त जातं ती तिची पाळी. तसं नसतं. बाईचं रक्त गर्भ न राहिल्यामुळे जातं. कुत्रीचं रक्त माजाच्या सुरुवातीला जातं, गर्भाशय पुढच्या तयारीला लागल्याची ती खूण असते. साधारण सहा-सात महिन्यांनी हे चक्र पुन्हा येतं. आणखी एक गोष्ट फार थोड्या लोकांना ठाऊक असते. कुत्रीला रजोनिवृत्ती नसते. बारा वर्षांची म्हातारी कुत्रीसुद्धा माजावर येऊ शकते. चक्र लांबतं, पण थांबत नाही.

माज ओसरला की पुढचे दोन महिने, नर भेटो वा न भेटो, तिच्या शरीरात गर्भारपणासारखीच संप्रेरकं वाढलेली असतात. म्हणून कितीतरी कुत्र्या नर न भेटताही गाभण असल्यासारख्या वागतात. आचळं भरतात, दूध येतं. एखादी उशी किंवा रबरी खेळणं कोपऱ्यात नेऊन त्याची राखण करत बसते, जवळ गेलं तर गुरगुरते. काकू हे सगळं बघायच्या आणि त्यांचे डोळे भरून यायचे. ‘बघ, तिला पण वाटतं न, आपलं लेकरू असावं.’ मला त्यांचा हात हातात घेऊन सांगावं लागायचं की काकू, ही आस नाही हो, हे संप्रेरकांचं काम आहे. तिला बेचैन वाटतं, आचळांना ठणका लागतो, भूक मरते. काही आठवड्यांनी ते आपसूक उतरतं आणि पुढच्या खेपेला परत येतं. एक वेत झाल्याने ते थांबत नाही. त्याने पुढच्या आजारांपासून भरवशाचं संरक्षणही मिळत नाही. कुत्रीचं मन ‘मी आई झाले नाही’ असा हिशेब ठेवत असल्याचं मला कुठेही, कुठल्याही प्राण्यात दिसलेलं नाही. हिशेब ठेवतो तो आपण, आपल्या आयुष्यातल्या सुखदुःखांवरून.

माझी ठमी रस्त्यावरची आहे. तिचं ऑपरेशन लहान वयातच झालं. ती शेजारच्या पोरांना चाटते, मांजराच्या पिल्लांना अंगावर लोळू देते, आणि मी आजारी असले की पलंगाखालून हलत नाही. तिची माया गर्भाशयासोबत कुठेही गेली नाही.

त्या दोन महिन्यांच्या संप्रेरकांचा दुसरा परिणाम जास्त भयंकर आहे. दर चक्राला गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं, त्यात स्राव साठतो, तोंड बंद होतं. अशा वेळी खालून जंतू वर चढले की गर्भाशयात पू होतो. डॉक्टर त्याला पायोमेट्रा म्हणतात. बहुधा माज संपल्यावर चार ते आठ आठवड्यांत तो दिसायला लागतो. स्वीडनमधल्या पाळीव कुत्र्यांच्या विम्याच्या नोंदींवरून असं दिसलं की ऑपरेशन न झालेल्या कुत्र्यांपैकी दहा वर्षांच्या होईपर्यंत सरासरी चारातल्या जवळपास एकीला हा आजार होतो. जातीनुसार हे प्रमाण बरंच कमी-जास्त होतं.

आमच्या कॉलनीत एक नऊ वर्षांची पॉमेरियन होती. मे महिना, ४५ अंशांचं ऊन, कुलरसमोर पडून राहायची आणि सारखी पाणी प्यायची. घरच्यांना वाटलं, उन्हाने करून राहिली. कुणालाही तेच वाटलं असतं. खाली काही स्रावही दिसत नव्हता, कारण गर्भाशयाचं तोंड बंद होतं आणि पू आतल्या आत साठत होता. हा प्रकार जास्त धोक्याचा. मग उलट्या सुरू झाल्या, पोट फुगलं, ती उठेनाशी झाली. रात्री उशिरा ऑपरेशन करावं लागलं. बाहेर काढलेलं गर्भाशय पुवाने टम्म भरलेलं होतं. ती वाचली, पण तिच्या मूत्रपिंडांनी मार खाल्ला आणि पुढची सगळी वर्षं ती पथ्याच्या खाण्यावर राहिली. लहानपणी तरुण, निरोगी शरीरावर जे ऑपरेशन ठरवून करता आलं असतं, तेच म्हातारपणी विष भिनलेल्या शरीरावर घाईत करावं लागलं. माजानंतरच्या दोन महिन्यांत कुत्री अचानक जास्त पाणी प्यायला लागली, मलूल झाली, तर नागपूरच्या उन्हावर दोष टाकून थांबू नका. त्याच दिवशी दाखवा.

स्तनांच्या गाठींचं असंच आहे. १९६९ च्या एका अमेरिकी अभ्यासातले आकडे आजही सगळीकडे सांगितले जातात. ऑपरेशन न झालेल्या कुत्र्यांच्या तुलनेत, पहिल्या माजाआधी ऑपरेशन झालेल्यांमध्ये धोका अर्धा टक्का, पहिल्या माजानंतर ८ टक्के आणि दुसऱ्यानंतर २६ टक्के. २०१२ मध्ये या विषयावरचे सगळे अभ्यास पुन्हा तपासून बघितले गेले, तेव्हा पुरावा वाटतो तेवढा भक्कम नाही असंही निष्पन्न झालं. त्यामुळे नेमक्या आकड्यावर मी अडून बसत नाही. पण म्हाताऱ्या, ऑपरेशन न झालेल्या कुत्र्यांच्या आचळांत लिंबाएवढ्या गाठी मी पाहिल्या आहेत, आणि मांजरीत अशी गाठ निघाली तर ती बहुतेक वेळा कर्करोगाचीच असते.

नराच्या बाबतीत मायेऐवजी दुसरंच काहीतरी आडवं येतं. एका ओळखीच्या भाऊंना मी त्यांच्या शेरूबद्दल विचारलं तर ते खुर्चीत सावरून बसले. ‘नाही जी मॅडम, तेवढं नका सांगू. जीवच उडून जाईल न त्याचा. मग भुंकेल का तो चोरावर?’ कुत्र्याचं भुंकणं आणि राखण करणं अंडकोषांतून येत नाही. घर आपलं आहे, माणसं आपली आहेत, या जाणिवेतून ते येतं. ऑपरेशन झालेली ठमी रात्री दोन वाजता फाटकाशी आलेल्या अनोळखी माणसाला सोडत नाही. नराचं ऑपरेशन झालं की कमी होतं ते भटकणं, जागोजागी मुतून खुणा करणं, माजावरच्या कुत्रीसाठी भिंत ओलांडून पळणं आणि तिच्यासाठी भांडणं. वर्धा रोडवर किंवा रिंग रोडवर गाडीखाली आलेले पट्टेवाले कुत्रे बघा. त्यांतले कितीतरी याच धावपळीत घरून निसटलेले असतात. अंडकोषांचा कर्करोग तर उरतच नाही, आणि म्हातारपणी प्रोस्टेट वाढून होणारा त्रास फार कमी होतो. मात्र भीतीपोटी चावणारा कुत्रा ऑपरेशनने शहाणा होईल, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. त्याला संयमाने शिकवावं लागतं.

रस्त्यावरच्या कुत्र्यांमध्ये आणखी एक रोग फार दिसतो. इंद्रियावर लालभडक, भुरभुरीत गाठ येते आणि तिच्यातून रक्त टपकत राहतं. हा संसर्गाने पसरणारा कर्करोग आहे. एका कुत्र्याच्या गाठीतल्या जिवंत पेशी मिलनाच्या वेळी दुसऱ्याच्या अंगावर जाऊन तिथेच वाढायला लागतात. आठवड्याला एक याप्रमाणे सलाईनमधून औषध दिलं तर बहुतेक कुत्रे पूर्ण बरे होतात, पण रस्त्यावरच्या कुत्र्याला दर आठवड्याला पकडून आणणं किती अवघड असतं ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. ऑपरेशन झालेल्या कुत्र्याला हा रोग होण्याची वाटच जवळपास बंद होते.

‘हे पाप आहे, निसर्गाच्या विरुद्ध आहे,’ असं जेव्हा ऐकते, तेव्हा मला पोळा आठवतो. ज्या बैलाच्या शिंगांना आपण बेगड लावतो, पाठीवर झूल घालतो, ज्याच्या खांदेमळणीला तूप-हळद लावतो, ज्याच्यापुढे पुरणपोळीचा नैवेद्य ठेवतो, तो बैल बडवलेला असतो. विदर्भातल्या शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. त्याच्या पणजोबालाही ठाऊक होतं की खोंडाला औताला जुंपायचं, माणसांत ठेवायचं, तर हे करावं लागतं. पूर्वीची पद्धत अतिशय वेदनेची होती, मग न कापता बाहेरून दाबून बडवायचा बर्डिझोचा चिमटा आला. कुत्र्या-मांजरांचं ऑपरेशन तर पूर्ण भूल देऊन, वेदनाशामक देऊन केलं जातं. ज्या जनावराला आपण हजारो वर्षांपूर्वी रानातून उंबऱ्यापाशी आणलं, त्याचं खाणं, झोपणं, फिरणं सगळं आपण ठरवतो. मग त्याच्या पिल्लांची जबाबदारी तेवढी निसर्गाची, असं म्हणून आपल्याला बाजूला होता येत नाही.

आता जे धोके खरे आहेत तेही सांगायलाच हवेत. भूल देण्यात जोखीम असते. निरोगी प्राण्यात ती कमी असते आणि आधी रक्ततपासणी केली तर आणखी कमी होते. ऑपरेशननंतर शरीराची अन्नाची गरज साधारण पाव हिश्श्याने कमी होते. तितकंच खायला घालत राहिलं तर प्राणी जाड होणारच. दोष ऑपरेशनचा नसतो, वाटीचा असतो. काही कुत्र्यांना वय झाल्यावर झोपेत लघवी होते, त्यावर गोळ्या मिळतात. आणि मोठ्या जातींच्या बाबतीत घाई करू नये. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी आधी गोल्डन रिट्रीव्हरवर आणि २०२० मध्ये ३५ जातींवर अभ्यास प्रसिद्ध केला. काही मोठ्या जातींमध्ये एक वर्षाच्या आत ऑपरेशन केलं तर सांध्यांचे आजार वाढतात, लहान जातींमध्ये तसं दिसत नाही, असं त्यांना आढळलं. म्हणून जर्मन शेफर्ड, गोल्डन, रॉटवायलर असेल तर हाडं पूर्ण वाढेपर्यंत थांबायचं का, हे डॉक्टरांशी बोलून ठरवावं. सगळ्यांना एकच वय लावणारा डॉक्टर मला पटत नाही.

मांजरींसाठी मात्र मी इतकं थांबा म्हणणार नाही. पाच महिन्यांची, आपल्याला अजून पिल्लूच वाटणारी मांजर गाभण राहू शकते. तिच्यात बीज सुटतं तेच मिलनामुळे, त्यामुळे बोका भेटला की गर्भ राहण्याची शक्यता फार मोठी असते. बोका भेटलाच नाही तर हंगामात ती दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा माजावर येते आणि रात्रभर ओरडते. पहिली पिल्लं अंगावर पीत असताना दुसऱ्यांदा गाभण राहिलेल्या मांजरी मी पाहिल्या आहेत, हाडांचा सापळा झालेल्या. ‘आमची घराबाहेर जातच नाही’ म्हणणाऱ्यांच्या जाळीच्या खिडकीबाहेर बोका येऊन बसलेला असतो. एक दिवस जाळी उघडी राहते.

आणि हौसेने पिल्लं काढणाऱ्यांबद्दल थोडं कडक बोलणं मला भाग आहे. ‘एक वेत काढू, दोन पिल्लं नातेवाइकांना, बाकीची विकू’ हा विचार घरोघरी असतो. २०१७ च्या नियमांप्रमाणे कुत्र्यांची पैदास करून विकायची तर राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. कुत्री दीड वर्षाची झालेली असावी लागते, लागोपाठच्या दोन हंगामांत पिल्लं काढता येत नाहीत, आयुष्यात पाचाहून जास्त वेतं काढता येत नाहीत, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. कागदावर हे सगळं आहे. तरी नागपुरासारख्या शहरात, जिथे मे महिन्यात माणसालाही कुलरपासून उठवत नाही, हस्की आणि सेंट बर्नार्ड अशा थंड मुलखातल्या जातींची पिल्लं विकली जातात. वर्षभराने हौस फिटते आणि तेच कुत्रं कुणीतरी फुटाळा तलावाकडे किंवा शहराबाहेरच्या धाब्यापाशी सोडून येतं. पाळीव कुत्र्याला रस्त्यावर तग धरणं फार कठीण जातं. त्याला गाडी समजत नाही, दुसऱ्या कुत्र्यांची हद्द समजत नाही, ते फक्त प्रत्येक मोटारीच्या दाराकडे बघत राहतं.

रस्त्यावरच्या कुत्र्यांचा वाद आमच्या शहराला नवा नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटलं होतं की ज्यांना मोकाट कुत्र्यांना खाऊ घालायचं आहे त्यांनी त्यांना दत्तक घेऊन घरी न्यावं. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. २०२५ चा पोळा २२ ऑगस्टला होता आणि त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीची सगळी मोकाट कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आपला आधीचा आदेश बदलला. नसबंदी आणि लसीकरण झालेली कुत्री, पिसाळलेली किंवा आक्रमक नसतील तर, त्यांच्या मूळ जागी सोडावीत असं सांगितलं. नोव्हेंबरमध्ये शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं यांच्यासाठी वेगळा आदेश आला, की तिथून उचललेली कुत्री पुन्हा तिथेच सोडायची नाहीत. २०२५ च्या या उलथापालथीत नसबंदी मात्र कायम राहिली.

मूळ जागी सोडण्यावर लोकांचा सगळ्यात जास्त राग असतो. ‘पकडलंच आहे तर परत कशाला आणून सोडता?’ त्याला कारण आहे. कुत्रं हद्दीत राहतं. एक हद्द रिकामी झाली आणि तिथला कचरा, मटणाच्या दुकानाबाहेरचं उरलंसुरलं तसंच राहिलं, तर शेजारची, लस नसलेली, नसबंदी न झालेली कुत्री तिथे येतात. ज्याच्या कानाच्या टोकाला नसबंदी झाल्याची, कापलेली खूण आहे, ते कुत्रं जागा धरून असतं आणि त्याला नवीन पिल्लं होत नाहीत. जयपूरमध्ये १९९४ पासून एका संस्थेने चिकाटीने नसबंदीचं आणि रेबीजच्या लसीकरणाचं हे काम केलं. तिथे काही वर्षांत कुत्र्यांची संख्या २८ टक्क्यांनी घटली आणि काम झालेल्या भागात माणसांना रेबीज होणं थांबलं. कुत्रा चावण्याच्या घटनाही कमी झाल्या. त्या घटना प्रजननाच्या हंगामानंतर काही आठवड्यांनी वाढत असत, म्हणजे पिल्लांजवळ कुणी गेलं की आई धावून येत असे. पिल्लंच नसली की धावून येण्याचं कारण उरत नाही. चाव्याच्या भीतीने कुत्र्यांना हाकलणाऱ्या प्रत्येक माणसाला मला हेच एक सांगावंसं वाटतं.

पण त्यासाठी वस्तीतल्या बहुतेक कुत्र्या थोड्या काळात झाल्या पाहिजेत. दहातल्या दोन करून गाडी निघून गेली तर उरलेल्या आठ पुढच्या कार्तिकात सगळं भरून काढतात. मनपाला फोन करून ‘आमची गल्ली’ एवढंच सांगू नये. किती माद्या आहेत, कुठे झोपतात, कोण दूध पाजून राहिली आहे, हे लिहून द्यावं. अंगावर पिणारी पिल्लं असलेली आई उचलली गेली तर मागे पिल्लं उपाशी मरतात.

काकूंचं मन एका दिवसात वळलं नाही. पॉमेरियनची गोष्ट त्यांनी त्या घरी जाऊन स्वतः ऐकली. मग सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात रूबीला घेऊन गेल्या. १९५८ पासूनचं कॉलेज, तिथे शिकणारी पोरं-पोरी प्राण्यांना फार जपून हाताळतात. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी काकूंना खुर्ची दिली, कागदावर चित्र काढून सगळं समजावलं. मी वर्षभर जे सांगत होते तेच त्यांनी सांगितलं, पण चित्रात गर्भाशयाच्या दोन नळ्या बघितल्यावर काकूंनी विचारलेला प्रश्न मला फार आवडला. ‘म्हणजे दर वेळी तिला एवढा त्रास होतो, आणि ती मला सांगू शकत नाही?’

रूबी यंदा भाद्रपदातच माजावर आली होती. माजात आणि लगेच नंतर तिथला रक्तपुरवठा वाढलेला असतो, म्हणून दोन-तीन महिने थांबून ऑपरेशन करायला सांगितलं. मोजलं तर पौष येत होता. पौषात काकू नवं काही करत नाहीत, मग डॉक्टरांना विचारून संक्रांतीच्या पुढच्या आठवड्यातला, पौष सरल्यावरचा दिवस घेतला. त्याने तिच्या प्रकृतीत काही फरक पडणार नव्हता, आणि काकूंचं मन शांत राहणार होतं.

आदल्या रात्री आठनंतर खायला काही नाही, पाणी किती वेळ द्यायचं ते डॉक्टर सांगतील. घरी आल्यावर गळ्यात प्लास्टिकचा कोन, टाके चाटू द्यायचे नाहीत. दहा-बारा दिवस सोफ्यावर उड्या नाहीत, आंघोळ नाही. जखम रोज बघायची, लाल किंवा ओली दिसली तर फोन. काकूंनी हे सगळं कॅलेंडरच्या मागे लिहून घेतलं आहे. नर असता तर एक गोष्ट आणखी लिहायला सांगितली असती, की ऑपरेशननंतरही काही आठवडे त्याच्याकडून पिल्लं होऊ शकतात, तोवर जपायचं.

मागच्या गल्लीतल्या काळ्या कुत्रीचंही त्याच आठवड्यात ठरलं आहे. तिचा खर्च काकू देणार आहेत. टाके वाळेपर्यंत तिला ठेवायला माझ्या मागच्या अंगणातली कुलरची खोली रिकामी केली आहे. थंडीत ती तशीही वापरात नसते. खाली गोणपाट घातलं आहे, दाराला खालून फळी ठोकायची राहिली आहे. तेवढं या रविवारी करून घेऊ.